कूर्बेवरची वसुली

गुस्ताव्ह कूर्बे दारूने मेला, हे वाक्य मी इतक्या जाणकारांच्या तोंडून ऐकलं आहे की आता ते कानावर पडलं की माझं डोकं फिरतं. सांगणारा बहुधा सभ्य माणूस असतो. त्याला चित्रं कळतात. ‘दगड फोडणारे’ आणि ‘ओर्नांमधला दफनविधी’ ही नावं त्याला पाठ असतात, एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच वास्तववादाचा प्रवर्तक म्हणून तो कूर्बेचं नाव आदराने घेतो. मग आवाज जरा खाली येतो. माणूस फार गर्विष्ठ, नको त्या राजकारणात पडला, नेपोलियनचा स्तंभ पाडायला निघाला, स्वित्झर्लंडला पळाला आणि पिऊन पिऊन संपला. एवढं सांगितलं की कूर्बेचं आयुष्य सांगून झालं, असं त्याला वाटतं.

यातले तपशील पुष्कळसे खरे आहेत, आणि ते ज्या क्रमाने सांगितले जातात तो क्रम सपशेल खोटा आहे. कूर्बे बेसुमार प्यायचा, त्याला जलोदर झाला होता, हे कुणी नाकारत नाही. पण त्याला देशोधडीला लावलं ते फ्रेंच सरकारने, कायदा करून आणि कोर्टाच्या शिक्क्यानिशी. त्या वाहत्या गंगेत त्याच्याच धंद्यातल्या मानकरी चित्रकारांनी हात धुऊन घेतले. चित्रकाराच्या आयुष्यातला एवढा उघडानागडा अन्याय ‘दुर्दैवी अखेर’ या दोन शब्दांखाली झाकून टाकणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

सुरुवात स्तंभापासून करून चालणार नाही. कूर्बेवरचा राग स्तंभाच्या वीस वर्षं आधीचा आहे.

तो १८१९ साली फ्रांश-कोंते प्रांतातल्या ओर्नां गावी जन्मला. लू नदीचं खोरं, गावावर झुकलेले चुनखडीचे कडे, आसपास द्राक्षमळे. बाप रेजी कूर्बे जमीनजुमला राखून असलेला शेतकरी. घरात उपासमार नव्हती आणि कुणाच्या दारात जाऊन उभं राहायची सवयही नव्हती. पोराने वकील व्हावं ही बापाची इच्छा. पोरगा १८३९ मध्ये पॅरिसला गेला तो लूव्हरमध्ये बसून स्पॅनिश आणि डच उस्तादांच्या नकला करू लागला. तेव्हा फ्रान्समध्ये चित्रकाराचं पोट सालाँ या सरकारी प्रदर्शनावर अवलंबून होतं. परीक्षक मंडळ पसंत करील तेच चित्र भिंतीवर चढायचं, आणि भिंतीवर न चढलेल्या चित्राला गिऱ्हाईक नसायचं. त्या मंडळाने कूर्बेची चित्रं वर्षानुवर्षं परत पाठवली. १८४८ ची क्रांती झाली, हवा पालटली, आणि १८४९ मध्ये त्याच्या घरातल्या जेवणानंतरच्या बैठकीच्या चित्राला सुवर्णपदक मिळालं. सरकारने ते चित्र विकतही घेतलं. पदकाबरोबर एक हक्क आला: पुढच्या प्रदर्शनांत त्याची चित्रं परीक्षकांपुढे न जाता थेट लागणार.

तो हक्क हातात पडताच त्याने काय केलं, तर गावी जाऊन माळ्यावरच्या खोलीत ‘दफनविधी’ रंगवला. तीन मीटरहून उंच, साडेसहा मीटर लांब. त्या काळी एवढा कॅनव्हास राज्याभिषेकासाठी, लढायांसाठी, देवादिकांसाठी राखून ठेवलेला असे. शेतकऱ्याचं चित्र काढायचं तर लहान काढावं, गोड काढावं, शहरातल्या बाईच्या दिवाणखान्यात शोभेल असं काढावं, हा रिवाज. कूर्बेने त्या राजेशाही मापावर ओर्नांमधले चाळीस-पन्नास लोक खऱ्या माणसाच्या उंचीचे उभे केले. नगराध्यक्ष, पाद्री, म्हातारे, गावच्या बाया, त्याच्या स्वतःच्या बहिणी. एकेक जण त्याच्या खोलीत येऊन उभा राहून गेला होता.

हे चित्र आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. त्याच्यासमोर उभं राहिलं की पहिल्यांदा पायाकडे लक्ष जातं, कारण थडग्याचा खड्डा मधोमध असून त्याची पुढची कड चौकटीने कापली आहे. खड्डा चित्रात संपत नाही, तो आपल्या बाजूला येतो. खड्डा खणणारा एक गुडघा टेकून तयारीत बसला आहे, कोट काढून शेजारी टाकलेला. पाद्री पोथी वाचतो आहे. चर्चचे दोन सेवक लाल झग्यात, त्यांची नाकंही झग्याइतकीच लाल. उजवीकडे काळ्या कपड्यांतल्या बायकांची रांग, रुमाल तोंडाशी धरलेले. पुढ्यात एक पांढरं कुत्रं, त्याचं लक्ष भलतीकडेच. शवपेटी उचलून आणणाऱ्यांनी तोंडं पेटीपासून फिरवली आहेत. वर आकाशाची निरुंद पट्टी, ती कड्यांनी बंद केलेली, आणि तिच्यात घुसलेला एकटा क्रूस. ढग फाटत नाहीत, देवदूत उतरत नाहीत, मेलेला माणूस कोण हे सांगितलेलं नाही. गावात एक माणूस मेला आणि गाव जमा झालं, एवढंच. आणि प्रत्येक चेहरा असा रंगवलेला की दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही.

१८५० च्या अखेरीस सुरू झालेल्या सालाँमध्ये हे लागलं आणि पॅरिसचे टीकाकार चवताळले. एवढी कुरूप माणसं, एवढ्या मोठ्या मापात! कुरूपतेचा तो आरोप मी जितक्यांदा वाचतो तितक्यांदा त्यामागची भीती मला स्वच्छ दिसते. दोनच वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये सर्व प्रौढ पुरुषांना मताचा अधिकार मिळाला होता. हे गावकरी आता मतदार होते. ते राजाच्या मापाने भिंतीवर चढून सरळ समोर बघत होते, आणि पॅरिसच्या सुखवस्तू माणसाला ती नजर सोसवली नाही.

त्याच प्रदर्शनात ‘दगड फोडणारे’ होतं. रस्त्याच्या कडेला खडी फोडणारा म्हातारा आणि टोपली उचलणारा पोर. गावाजवळच्या रस्त्यावर कूर्बेला ही दोन माणसं दिसली, त्याने त्यांना खोलीत बोलावून रंगवलं. म्हाताऱ्याचा चेहरा टोपीच्या सावलीत गेलेला, पोराची तर पाठच आपल्याकडे. दोघांचेही चेहरे न दाखवता त्याने श्रम दाखवले, फाटलेले मोजे दाखवले, सुटलेला पट्टा दाखवला. म्हातारा कुठून आला आणि पोर कुठे जाणार, हे एका चित्रात कळतं. ते चित्र पुढे ड्रेस्डेनला गेलं आणि १९४५ च्या फेब्रुवारीत युद्धात नष्ट झालं. आज आपण पाहतो ते त्याचे फोटो.

इथून पुढची वीस वर्षं मी भराभर सांगतो, कारण त्यांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. सरकार हात पुढे करतं, कूर्बे तो झिडकारतो, आणि दर वेळी सरकारच्या वहीत एक नोंद वाढते. सम्राट तिसऱ्या नेपोलियनचा कलाखात्याचा प्रमुख न्युवेर्केर्क याने त्याला जेवायला बोलावून १८५५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी मोठं चित्र काढायला सांगितलं. अट अशी की आधी कच्चा आराखडा दाखवायचा. कूर्बेने तोंडावर नाही म्हटलं. त्या प्रदर्शनाच्या परीक्षकांनी ‘दफनविधी’ आणि ‘चित्रकाराचा स्टुडिओ’ ही त्याची सर्वांत मोठी दोन चित्रं नाकारली, तेव्हा त्याने प्रदर्शनाच्या जवळच मोंतेन्य रस्त्यावर स्वतःच्या खर्चाने मांडव घातला, चाळीस चित्रं लावली आणि तिकीट ठेवलं. गर्दी फारशी झाली नाही. पण ज्येष्ठ चित्रकार देलाक्रोआ एकटा आला, तासभर थांबला, आणि या काळातलं एक विलक्षण चित्र परीक्षकांनी नाकारलं, असं त्याने रोजनिशीत नोंदवलं. तो वास्तववादी नव्हता, कूर्बेचा मित्रही नव्हता. पण त्याला डोळे होते आणि लाज होती. पुढच्या पिढीच्या मेसोनिएकडे यांतलं दुसरं नव्हतं, ते पुढे येईलच.

१८६३ मध्ये झिंगलेल्या पाद्र्यांचं चित्र काढलं, ते नाकारलेल्या चित्रांच्या प्रदर्शनातसुद्धा घेतलं गेलं नाही. पुढे एका धर्मनिष्ठाने ते विकत घेऊन नष्ट केलं. १८६७ मध्ये कूर्बेने पुन्हा स्वतःचा मांडव घातला. १८७० च्या जूनमध्ये सरकारने त्याला लिजन ऑफ ऑनर हे सन्मानपदक देऊ केलं. ते त्याने नाकारलं आणि नकाराचं पत्र वर्तमानपत्रात छापून आणलं. कलेच्या बाबतीत सरकारला काही अक्कल नाही आणि त्याने यात पडू नये, असा त्या पत्राचा आशय. तो बढाईखोर होता, हे मला मान्य आहे. त्याच्या बढाया वाचून मीही वैतागतो. पण पदक नाकारताना तो जे बोलला ते शब्दशः खरं होतं, आणि त्याच्या बढाईचा दाखला देऊन ते खोटं ठरत नाही.

आता स्तंभ. वाँदोम चौकातला हा स्तंभ पहिल्या नेपोलियनने १८०६ ते १८१० या काळात उभारला, ऑस्टरलिट्झच्या विजयाची आठवण म्हणून. उंची साधारण ४४ मीटर. दगडी गाभ्यावर शत्रूच्या तोफा वितळवून केलेले काशाचे पत्रे, वर खुद्द नेपोलियन. १८१४ मध्ये राजा परतला, नेपोलियनचा पुतळा खाली आला. १८३३ मध्ये दुसरा पुतळा चढला, साध्या शिपाई वेशातला. १८६३ मध्ये पुतण्याला, म्हणजे तिसऱ्या नेपोलियनला, काका रोमन सम्राटाच्या वेशात हवा होता, म्हणून तोही उतरवून तिसरा चढला. हे सगळं सरकारांनी केलं, आणि त्याबद्दल एकाही राजाला किंवा मंत्र्याला कुणी बिल पाठवलं नाही.

१८७० च्या सप्टेंबरात तिसरा नेपोलियन सेदानला प्रशियाच्या हाती सापडला आणि पॅरिसमध्ये प्रजासत्ताक जाहीर झालं. चित्रकारांनी कूर्बेला संग्रहालयांच्या रक्षणाच्या समितीचा अध्यक्ष निवडलं. १४ सप्टेंबरला त्याने नव्या सरकारला अर्ज दिला: या स्तंभाला कलेच्या दृष्टीने मोल नाही, तो जिंकण्याच्या युद्धांचा गौरव करतो, तेव्हा तो सुटा करून त्याचं धातूकाम हलवायला परवानगी द्या. उठाव नव्हे, दंगल नव्हे; कायदेशीर सरकारकडे केलेला लेखी अर्ज. सरकारने तो बाजूला ठेवला.

पुढच्या वसंतात सरकार व्हर्सायला गेलं आणि पॅरिसमध्ये बंडखोरांनी कम्यून हे स्वतःचं नगरशासन स्थापलं; या कम्यूनने स्तंभ पाडण्याचा हुकूम काढला. तारीख १२ एप्रिल १८७१. ही तारीख लक्षात ठेवा, कारण सगळा खटला हिच्यावर उभा राहायला हवा होता. कूर्बे मार्चच्या निवडणुकीत हरला होता. तो कम्यूनचा सभासद झाला १६ एप्रिलच्या पोटनिवडणुकीत. हुकूम निघाला तेव्हा तो सभागृहातच नव्हता. २७ एप्रिलच्या सभेत त्याने हुकमाची अंमलबजावणी करा असं म्हटल्याची नोंद आहे, आणि मी ती लपवत नाही. त्याला स्तंभ नको होता, आणि मला विचाराल तर त्याचं बरोबर होतं. पण पडावा असं वाटणं आणि पाडणं यांत फरक करण्यासाठीच तर कोर्टं असतात. १६ मे रोजी स्तंभ पडला. एका इंजिनिअरने ठेका घेतला होता, खाली शेणखत आणि काटक्यांची गादी पसरली होती, दोर ताणणारं रहाट एकदा मोडलं, मग संध्याकाळी स्तंभ कोसळला. बँड वाजत होता, हजारो लोक बघत होते.

त्याच दिवसांत कूर्बे आणखी काय करत होता, हे ‘राजकारणात पडला’ म्हणणारे सांगत नाहीत. तो कलाकारांच्या संघाचा अध्यक्ष होता, लूव्हर सुरक्षित राहावं म्हणून खटपट करत होता. कम्यूनमधल्या जहालांनी सार्वजनिक सुरक्षेची समिती स्थापन करायचं ठरवलं तेव्हा त्याने विरोधात मत दिलं. सरकारचा प्रमुख तिएर याचं घर पाडायचं ठरलं, तेव्हा घरातला कलासंग्रह वाचवावा असा आग्रह धरणारा कूर्बेच होता. व्हर्सायहून पॅरिसवर तोफा डागणाऱ्या माणसाच्या मूर्ती आणि चित्रं त्याने जपायला सांगितली. त्या माणसाच्या सरकारने त्याला काय दिलं ते पाहा.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मार्शल मॅकमहॉनच्या सरकारी फौजा शहरात शिरल्या आणि हजारो माणसं भिंतींशी उभी करून मारली. जूनच्या सुरुवातीला कूर्बेची आई ओर्नांमध्ये वारली, तो लपून बसला होता. ७ जूनला तो पकडला गेला. व्हर्सायच्या लष्करी कोर्टाने २ सप्टेंबरला त्याला सहा महिने कैद आणि ५०० फ्रँक दंड सांगितला. खटल्यात तो ताठ उभा राहिला नाही, मी फक्त कला वाचवायला गेलो होतो असं सांगत राहिला. माणसं रोज गोळ्या खात असताना आजारी, घाबरलेल्या माणसाने असं बोलावं याबद्दल त्याला बोल लावण्याचा अधिकार मी स्वतःला देत नाही. आरामखुर्चीत बसून तो अधिकार घेणाऱ्यांची मला शिसारी येते. सँत-पेलाजीच्या तुरुंगात आणि नंतर पहाऱ्यातल्या इस्पितळात त्याने सफरचंदं रंगवली. डाग पडलेली, लालबुंद, जड सफरचंदं, एखाद्या टेकडीसारखी भरीव. मॉडेल मिळत नव्हतं, बाहेर जाता येत नव्हतं, तेव्हा फळांत जेवढं वजन ओतता येईल तेवढं त्याने ओतलं.

शिक्षा भोगून झाली होती. इथे प्रकरण संपायला हवं होतं. १८७२ च्या सालाँला त्याने दोन चित्रं पाठवली, त्यांत एक या फळांचं होतं. परीक्षक मंडळात एर्नेस्त मेसोनिए होता. त्याने भूमिका घेतली की हा माणूस आपल्यासाठी मेला आहे, असं समजून त्याला प्रदर्शनांतून कायमचं वगळलं पाहिजे. मंडळाने मानलं. चित्रं कशी आहेत, यावर चर्चा करण्याचीसुद्धा त्यांना गरज वाटली नाही.

मेसोनिए कोण, तर नेपोलियनच्या मोहिमा बारीक कुंचल्याने, घोड्याच्या खोगिराच्या बटणासकट रंगवणारा. त्याच्या काळातला सर्वांत महाग चित्रकार. त्याचं फ्रिडलँडच्या लढाईचं चित्र १८७५ मध्ये पुरं झालं आणि न्यूयॉर्कच्या व्यापारी स्टुअर्टने ते साठ हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे तीन लाखांहून अधिक फ्रँकना घेतलं. नेपोलियनचे घोडे रंगवणाऱ्याला तीन लाख मिळाले आणि नेपोलियनचा स्तंभ नको म्हणणाऱ्याकडून तेवढेच वसूल करायचं ठरलं, हे दोन आकडे शेजारी ठेवून मी पुष्कळ वेळा पाहिले आहेत. सरकारने माणूस मारावा हे सरकारच्या स्वभावात असतं. पण एका चित्रकाराने दुसऱ्या चित्रकाराची भिंत काढून घ्यावी, आणि तीही त्याचं पोट त्या भिंतीवर आहे हे पक्कं ठाऊक असताना, याला क्षमा नाही. मेसोनिएची चित्रं कौतुकाने दाखवणाऱ्या संग्रहालयांनी ही गोष्ट त्याच्या नावाखाली लिहिली पाहिजे.

१८७३ च्या मेमध्ये मॅकमहॉन राष्ट्राध्यक्ष झाला. सेदानला प्रशियासमोर हरलेल्या फौजेचा सेनापती तोच, पॅरिसमध्ये स्वतःच्या नागरिकांवर जय मिळवणाराही तोच. त्याच महिन्याअखेरीस स्तंभ पुन्हा उभारण्याचा कायदा झाला, आणि खर्च कूर्बेकडून घ्यायचं ठरलं. हुकूम काढणारे होते, बाजूने मत देणारे होते, ठेका घेणारा होता, दोर ओढणारे होते. बिल आलं कूर्बेच्या नावाने. पडकी भिंत काढा म्हणून अर्ज देणाऱ्याकडून, पुढे ती दुसऱ्यांनी पाडली म्हणून नव्या भिंतीचे पैसे घ्यावेत, तसला हा न्याय. शिक्षा झालेल्या माणसाला त्याच गुन्ह्यापायी दुसऱ्यांदा, आणि या वेळी जन्मभरासाठी, पकडायचं होतं. एवढ्या लोकांतून तोच का, याचं उत्तर मला सोपं वाटतं. त्याच्याकडे विकण्यासारखं काहीतरी होतं, आणि त्याला मोडण्यात वीस वर्षांचं समाधान होतं. मालमत्तेवर जप्ती आली. २३ जुलैला तो सरहद्द ओलांडून स्वित्झर्लंडला गेला. याला ‘पळाला’ म्हणतात!

जिनिव्हा सरोवराच्या काठी ला तूर-द-पेल्झ या गावी त्याने घर घेतलं. हिशेब कोर्टात चार वर्षं रेंगाळला आणि ४ मे १८७७ रोजी आकडा ठरला: ३,२३,०९१ फ्रँक ६८ सेंटिम. त्या अडुसष्ट सेंटिमवर माझी नजर दर वेळी अडखळते. कुणीतरी कारकुनाने बसून दगड, धातू, मजुरी, परांची यांची बेरीज केली आणि ती शेवटच्या पैशापर्यंत एका माणसाच्या नावावर चढवली. वर्षाला १० हजार फ्रँकचा हप्ता ठरला. म्हणजे फेड व्हायला तेहेतीस वर्षं, आणि कर्जदार अठ्ठावन्नाला टेकलेला, पोटात पाणी झालेला. ही फेड होणार नाही, हे दोन्ही बाजूंना माहीत होतं. होऊ नये, हाच हेतू होता.

आता त्या शेवटच्या वर्षांच्या चित्रांकडे बोट दाखवून लोक म्हणतात, बघा, कूर्बे घसरला. शिओंच्या किल्ल्याची चित्रं एकामागून एक, सरोवराची सूर्यास्ताची चित्रं एकामागून एक. केरुबिनो पाता आणि इतर मदतनीस कॅनव्हास भरत, कूर्बे हात फिरवून सही करी, आणि काही चित्रांवर त्याचा हात किती फिरला याची शंका आजही तज्ज्ञांना छळते. हे खरं आहे आणि ते लाजिरवाणंही आहे. पण ज्याची चित्रं फ्रान्समध्ये जप्त होतात, ज्याला सालाँ बंद आहे, ज्याच्या डोक्यावर तीन लाखांचं देणं आहे, तो प्रवाशांना परवडतील अशी सरोवरं विकणार नाही तर काय करणार? त्याची पद्धतही त्याच्या मुळावर आली. कूर्बे खडक, लाटा, बर्फ रंगवताना कुंचल्याऐवजी पॅलेट नाइफ वापरायचा. रंगाचा जाड थर ओढायचा, खरवडायचा, पुन्हा थापायचा, आणि दगड दगडासारखा उठून यायचा. त्याच्या एत्रताच्या लाटांत तो थर पाण्याला शिशाचं वजन देतो. सुरी मात्र कुणालाही चालवता येते, आणि ती वापरून झटपट खडक काढणारे लवकर तयार होतात. देण्याने कारखाना उभा केला, आणि कारखान्याच्या मालावरून कारागिराची लायकी काढणारे आजचे जाणकार कोर्टाचंच उरलेलं काम पुरं करतात.

त्यातूनही त्याचा हात मेला नव्हता. १८७७ मध्ये त्याने आल्प्सचं एक मोठं दृश्य सुरू केलं, पुढच्या वर्षीच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनावर डोळा ठेवून. ते अपुरं राहिलं, आज अमेरिकेत क्लीव्हलँडला आहे. ज्या गावाने आसरा दिला त्याच्या कारंज्यासाठी त्याने एका स्त्रीचा अर्धपुतळा घडवून भेट दिला. माफीची वाट पाहत राहिला. नोव्हेंबरच्या अखेरीस पॅरिसमध्ये त्याची जप्त चित्रं आणि सामान लिलावात मातीमोल गेलं. पहिला हप्ता १ जानेवारी १८७८ ला द्यायचा होता. ३१ डिसेंबर १८७७ ला तो वारला. म्हातारा बाप उशाशी होता. कम्यूनवाल्यांना सरसकट माफी १८८० मध्ये मिळाली.

यानंतर जे झालं त्याचं मला सर्वांत जास्त वैषम्य वाटतं. मृत्यूला पाच वर्षं होण्याच्या आत, १८८२ मध्ये, पॅरिसच्या एकोल दे बोझारमध्ये, म्हणजे सरकारी कलाशिक्षणाच्या गाभाऱ्यात, त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. १९१९ मध्ये, जन्मशताब्दीला, त्याच्या अस्थी ओर्नांला आणल्या. १९२० मध्ये लूव्हरने ‘चित्रकाराचा स्टुडिओ’ सात लाख फ्रँकना घेतलं, लोकवर्गणी काढून. महायुद्धाने फ्रँक तोवर घसरला होता, तरी आकडा आकडाच आहे. १८५५ मध्ये ज्याला भिंत नाकारली त्याच चित्रासाठी लोकांपुढे झोळी पसरावी लागली. आज ते ओर्सेमध्ये ‘दफनविधी’बरोबर आहे. शेजारची पाटी माप सांगते, साल सांगते, शैली सांगते. वसुलीबद्दल तिथे मला एक अक्षर दिसलं नाही.

‘दफनविधी’ मात्र फ्रान्सला विकत घ्यावं लागलं नाही. १८८१ मध्ये कूर्बेची धाकटी बहीण ज्युलिएत हिने ते देशाला फुकट दिलं. भावाला मान मिळावा म्हणून दिलं, हे मला कळतं. तिने लग्न केलं नाही, उरलेलं आयुष्य त्याचं नाव जपण्यात घालवलं. तिच्याविषयी मला आदर आहे आणि तरीही मी म्हणतो, ते चित्र तिने असं द्यायला नको होतं. त्या चित्रात ती स्वतः आहे, उजवीकडच्या काळ्या रांगेत, आणि तिची नुकतीच तरुण झालेली मान त्या गर्दीत ओळखू येते. तिने सरकारच्या दारात जाऊन किंमत सांगायला हवी होती: ३,२३,०९१ फ्रँक ६८ सेंटिम, एकरकमी, आणि पावती भावाच्या नावाने.